घराच्या वयातली भर

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेडम गावी, यॉर्कशरहून आलेल्या जोनाथन फेअरबँक्सचे शेतघर आजही जागेवर उभे आहे. लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून त्याचा काळ १६३७ ते १६४१ असा ठरतो. उत्तर अमेरिकेतले लाकडी सांगाड्याचे हे सर्वांत जुने घर मानतात. मधोमध धुराडे आणि दोन्ही अंगांना खोल्या, हा आराखडा इंग्लंडचाच. पण तिथे अनेकदा उघडा राहणारा सांगाडा इथल्या हिवाळ्यापुढे फळ्यांनी झाकावा लागला. पुढे मागची पडवी आली, दोन्ही बाजूंना वेगळ्या उताराच्या छपरांचे भाग आले. ही भर उपरी समजणे मला चूक वाटते. एकाच घराण्याच्या आठ पिढ्या इथे राहिल्या. भर खरवडून टाकली तर त्यांचे राहणेच पुसले जाईल.

कुणी म्हणेल, मग मूळ इंग्रजी घर अभ्यासकाला दिसणार कुठे? हेन्री फोर्डने १९३० साली ग्लॉस्टरशरच्या चेडवर्थमधले दगडी घर विकत घेतले, सुटे करून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला आणले आणि पुन्हा रचले. त्यातून बांधणी शिकता येते, हे मान्यच. मात्र ज्या माती-पावसासाठी ते घर बांधले होते, त्यांच्याशी त्याचे नाते तुटले. डेडमचे घर १९०४ मध्ये वंशजांच्या संस्थेने घेऊन जागच्या जागी जपले. आपल्याकडे वाडे ‘मूळ रूपात’ आणताना आधी हे घर अभ्यासावे.