ताटाची लाज कुणाला?

मोबाईलवर कुणी सोन्याचा वर्ख लावलेली मिठाई दाखवतो, कुणी दहा माणसांचे मटण एकट्याने संपवतो. पाहणाऱ्या कुणाच्या तोंडाला पाणी सुटते, कुणाचा संताप होतो. या संतापाला मत्सर म्हणून हिणवणाऱ्यांना आम्ही विचारतो, ज्या धाराशिव जिल्ह्यातून माणसे दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेथील फडावर भाकरी-चटणी खाणाऱ्याने या उधळपट्टीचे कौतुक करावे काय?

परंतु संतापापेक्षा आम्हाला चिंता वाटते ती लाजेची. असली ताटे पाहून आपली पोरे घरच्या ताटाला लाजू लागली आहेत. याच जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून महार-मांगांच्या चुलीवरच्या चान्या, रक्ती न लाजता जगापुढे मांडल्या. लाज वाटायचीच तर ती दूध-तूप आपल्या चुलीपर्यंत येऊ न देणाऱ्या जातिव्यवस्थेला वाटावी!

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, ते स्वाभिमानासाठी. तो स्वाभिमान मोबाईलपुढे गहाण टाकू नका. आपल्या ताटात काय नाही आणि का नाही, हे विचारायला शिका.