ठाऊक होते, पण पाळणार कसे?

"वस्तीतले लोक ऐकतच नाहीत." कोरोनाच्या काळात हे वाक्य आम्ही दवाखान्यात ऐकले, कचेरीत ऐकले, इतके की कान किटले. आम्ही परिचारिका. त्या दोन वर्षांत वर्धा, पुलगाव, हिंगणघाटच्या वस्त्यांत दारोदार फिरलो. म्हणून सांगतो, हे वाक्य अर्धेच खरे आहे.

आठवा. 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली. मे महिना उजाडेपर्यंत आपल्या जिल्ह्यात एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता. तरी त्या 14 एप्रिलला आपण मिरवणूक काढली नाही, घरातच बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर गेलो नाही, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरही नाही. वर्षभर वाट पाहिलेले दिवस ज्या समाजाने घरात बसून काढले, त्याला बेशिस्त कसे म्हणायचे?

मग अडले कुठे? साबणाने वीस सेकंद हात धुवा म्हणे. नळ अर्धा तास, तोही एक दिवसाआड. रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवा म्हणे. घरच एका खोलीचे, माणसे सहा. चौदा दिवस घरी बसा म्हणे. मजुरी बुडाली तर चूल कशी पेटणार? माहिती पोचली होती, सोय पोचली नव्हती.

पण सगळा दोष सरकारवर टाकून आपण सुटत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारात आल्या, तेव्हा "नाव लिहिले की उचलून नेतात" म्हणून कित्येकांनी ताप लपवला. ऑक्सिजन 94 च्या खाली गेला तरी काढे पाजत बसले. सेवाग्रामला, सावंगीला नेईपर्यंत उशीर झाला. लस आली, तर 'लसीने माणूस मरतो' असा मोबाइलवरचा निरोप न तपासता पुढे ढकलला. तपासल्याशिवाय काही मानू नका ही आपली शिकवण. ती तेव्हा कुठे गेली?

सर्वांत जास्त खटकले ते वेगळेच. एका वस्तीत बरी होऊन आलेल्या बाईला हापशीवर पाणी भरू दिले नाही. पाण्यावरून माणसाला हटकणे म्हणजे काय, हे चवदार तळ्याच्या वारसांना सांगावे लागावे? मुळात 'सामाजिक अंतर' हा शब्दच चुकीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च 2020 पासून 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. अंतर ठेवा, पण डबा दारात पोचवा.

1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारने घराघरांत सोजीर घुसवले, तर लोकांनी रोगी लपवले. सावित्रीमाई मात्र आपल्या माणसांत गेल्या, आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. लोक धाकाने रोगी लपवतात, विश्वासाने पुढे आणतात, हे तेव्हाही खरे होते आणि कोरोनातही खरे ठरले.

साथ पुन्हा येईल, आणि क्षयरोग तर आपल्या वस्तीत आहेच. म्हणून आतापासून चार गोष्टी करू या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती तपासणी मोफत आहे; खोकताना तोंडावर रुमाल धरा, घराची खिडकी उघडी ठेवा. महिला मंडळाने आजाऱ्याच्या घरी पाणी आणि डबा पोचवण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. साथीत वेगळे राहण्यासाठी विहारालगतची किंवा समाजमंदिराची एक खोली हेरून ठेवावी. आणि नळाच्या पाण्याचा अर्ज नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला लेखी द्यावा, पोच घ्यावी. नियम पाळणे आपले कर्तव्य आहे, तसे पाणी मागणे आपला हक्क आहे.

जयभीम!