तीन मीटर, एक कारकून

चूल वेगळी झाली तरी विजेचा मीटर एकच राहिला, अशी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. थोरल्याचे घर, धाकट्याचे घर आणि सामाईक गोठ्यातली कडबाकुट्टी, सारे एकाच मीटरवर. बिल आले की, "आमच्याकडे जळतेच काय एवढे?" हे दोन्ही माजघरांतून ऐकू येते. त्यातून युनिटचा दर शंभराच्या आत एक आणि शंभराच्या पुढे चढा. दोन घरांचा वापर एकत्र झाला की बिल वरच्या टप्प्यात जाते, आणि ते कोणामुळे गेले हे कोणालाच सांगता येत नाही. (विहिरीवरचा पंप मी यात धरलेला नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात २०२४ पासून मोफत वीज आहे.)

उपाय जुनाच आहे. मुख्य मीटरच्या पुढे, घरच्या वायरिंगवर तीन उपमीटर बसवावेत. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. कंपनीच्या मीटरला व त्याच्या सीलला हात लावू नये. २००३ च्या विद्युत कायद्याने तो गुन्हा आहे.

नुसते बिलच वाटायचे असेल तर पुढचे वाचले नाही तरी चालेल. महिन्याच्या एक तारखेला तीन आकडे वहीत लिहा, झाले. पण वीज केव्हा जळली हे वही सांगत नाही. ते सांगायला एक कारकून लागतो, आणि तो तळहाताएवढ्या कार्डाच्या रूपात मिळतो. आर्डुइनो त्याचे नाव. इटलीतल्या इव्रेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी ते तयार झाले. घरात कोणी विज्ञान शाखेला किंवा आयटीआयला असेल तर त्याला किंवा तिला हे काम जमेल.

उपमीटर घेताना त्याला 'पल्स आउटपुट' आहे का, हे विचारून घ्यावे. असा मीटर ठरावीक वीज गेली की दोन छोट्या टर्मिनलांवर एक ठोका देतो. मीटरवर १००० ठोक्यांना एक युनिट असे लिहिले असेल, तर एक ठोका म्हणजे युनिटचा हजारावा भाग. तिन्ही मीटरांच्या अधिक टर्मिनलांच्या वायरी कार्डाच्या तीन वेगवेगळ्या पिनांना जोडाव्यात. उणे टर्मिनलांच्या तिन्ही वायरी एकत्र करून कार्डाच्या ग्राउंडला द्याव्यात. पिना कार्डाच्या आतल्या पुल-अप रोधावर ठेवाव्यात. गोठा लांब असेल तर पीळ दिलेली वायर घ्यावी आणि ती २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये, नाहीतर खोटे ठोके मोजले जातात.

आता नेहमीची अडचण. उनो जातीच्या कार्डाला तातडीची हाक ऐकणाऱ्या म्हणजे इंटरप्टच्या खास पिना दोनच, म्हणून मीटरही दोनच जोडता येतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. दोन किलोवॉटची मोटर तासाला २००० ठोके देते, म्हणजे पावणेदोन सेकंदांहून थोड्या अधिक वेळाने एक. कार्डाचे घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख वेळा टिकटिकते. तिन्ही पिनांकडे आळीपाळीने पाहत राहिले तरी त्याला वेळच वेळ आहे. अट एकच, की कारकुनाने डुलकी घेऊ नये. कार्यक्रमात 'डिले' ही थांबण्याची आज्ञा घातली की तेवढ्या वेळातले ठोके बुडाले. ठोका सुरू होतानाच एकदा मोजावा आणि क्षणभराची थरथर सोडून द्यावी.

दुसरी चूक अधिक महाग पडते. वीज गेली तरी आकडा राहावा म्हणून तो कार्डाच्या कायम स्मृतीत, म्हणजे ईईप्रॉममध्ये लिहितात. त्या स्मृतीची एकेक जागा साधारण एक लाख वेळा लिहिण्यापुरती असते. वरच्या मोटरीचा प्रत्येक ठोका लिहायला गेलात तर पन्नास तासांत लाख भरले! तासाला एकदाच लिहा; तीच जागा अकरा वर्षे पुरेल. वीज गेलीच तर कार्डावरची फार तर तासाभराची मोजणी बुडते. मीटरवरचा आकडा शाबूत राहतो.

सोबत सेलवर चालणारा घड्याळाचा छोटा भाग आणि दोन ओळींचा पडदा जोडला की गंमत कळते. रात्री दहा ते पहाटे पाच गोठ्याच्या खात्यावर ४२० ठोके पडलेले दिसले, तर ६० वॉटचा दिवा रात्रभर कोणीतरी तसाच ठेवला होता. महिनाभर असे झाले तर साडेबारा युनिटे.

दर एक तारखेला पडद्यावरचा आणि मीटरवरचा आकडा ताडून पाहावा. फरक पडला तर मीटरचा आकडा खरा धरावा आणि वायरीचे सांधे तपासावेत. आणखी एक, तीन उपमीटरांची बेरीज कंपनीच्या मीटरशी तंतोतंत जुळत नाही. मीटरांत शेकडा एकापर्यंत फरक चालतो, थोडी वीज वायरीतही जाते. ओट्यावरचा दिवा तर कोणाच्याच उपमीटरवर नसतो. ती उरलेली युनिटे कशी वाटायची, हे मीटर बसवायच्या आधीच दोन्ही घरांनी बोलून ठेवावे.