शिखराकडे तोंड, नाल्याकडे पाठ

मागे बर्फाची टोपी घातलेले शिखर आणि पुढे गुडघाभर समुद्रात उभे आपण, असा फोटो जगात फार थोड्या ठिकाणी निघतो. स्पेनच्या कॅनरी बेटांतले तेनेरिफे त्यातले एक. बेटाच्या मधोमध तेइदे हा ज्वालामुखी उभा आहे. उंची ३७१५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. त्याच्या माथ्यापासून उत्तरेचा किनारा सरळ रेषेत मोजला तर पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. हिवाळ्यात वर बर्फ आणि खाली समुद्रस्नान, हे तिथे एकाच दिवशी जमते. पर्यटनाच्या धंद्याला आणखी काय हवे?

त्याच उत्तर किनाऱ्यावर पुएर्तो दे ला क्रूस गावात प्लाया हार्दिन नावाचा बीच आहे. नावाचा अर्थच ‘बाग-किनारा’. काळी ज्वालामुखी वाळू, तिच्या कडेने झाडाझुडपांची आखीव बाग आणि मान वर केली की तेइदे. आखणी सेसार मान्रिके या कॅनरी बेटांवरच्याच नामवंत कलावंताची. जागा निवडायला याहून देखणे कारण सापडणार नाही. पण २०२४च्या जुलैत हाच बीच अंघोळीला बंद करावा लागला. पाण्यात मलजन्य जिवाणू सापडले होते, कारण गावच्या सांडपाण्याची व्यवस्था धड नव्हती. लोकांना पुन्हा पाण्यात उतरता आले ते २०२५च्या जूनमध्ये. मधल्या काळात वाळू तीच होती, बाग तीच होती, तेइदेही हलला नव्हता. फोटोत काहीच बदलले नव्हते.

मुद्दा एवढाच आहे. बीच निवडताना आपण पाहतो ते डोळ्यांना दिसणारे, आणि पोटात जाते ते न दिसणारे. काळ्या वाळूवरचे पाणी काळेशार दिसते, म्हणून ते घाण नसते. पांढऱ्या वाळूवरचे निळेशार दिसते, म्हणून ते स्वच्छही नसते. रंगाचा आणि जिवाणूंचा संबंध नाही.

डोंगराकडे बघून बीच ठरवायचाच असेल, तर फोटोसाठी न बघता वाऱ्यासाठी बघावे. तेनेरिफेवर वारे येतात ईशान्येकडून. ते तेइदेच्या उत्तर उतारावर अडतात, तिथे ढगांची चादर पसरते आणि हिरवाई माजते. दक्षिण बाजू त्याच डोंगराच्या आडोशाला कोरडी राहते आणि समुद्रही तिथे बराच निवांत असतो. उत्तरेला उघड्या अटलांटिकच्या लाटा थेट काळ्या खडकांवर फुटतात. पुएर्तो दे ला क्रूसच्या लोकांना हे पक्के ठाऊक. म्हणून तर त्यांनी मान्रिकेकडूनच किनाऱ्यालगत समुद्राच्या पाण्याचे मोठे तलाव बांधून घेतले. समुद्र हाकेवर असताना तलावात पोहणे आपल्याला विनोदी वाटेल. मला तरी तो शहाणपणा वाटतो. आणखी एक. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की कोरड्या घळी एकदम वाहू लागतात आणि वरचे सगळे खाली समुद्रात आणून ओततात. अशा पावसानंतर एक-दोन दिवस घळीच्या मुखापाशी पाण्यात न शिरलेले बरे. तेव्हा सूर्य पुन्हा लखलखत असतो, हाच खरा घोटाळा.

किनाऱ्यावरचा हिरवा, पिवळा, लाल झेंडा मुख्यतः लाटांविषयी बोलतो. पाण्याविषयी बोलतो तो नमुना तपासून काढलेला जिवाणूंचा आकडा. युरोपीय संघाच्या २००६च्या निर्देशानुसार नमुना घ्यायचा तो शक्यतो किमान मीटरभर खोल पाण्यात, पृष्ठभागाच्या ३० सेंटिमीटर खाली, निर्जंतुक बाटलीत. म्हणजे पोहणाऱ्याचे तोंड जिथे असते, साधारण तिथलेच पाणी. समुद्रकिनाऱ्याला ‘उत्कृष्ट’ दर्जा हवा असेल तर १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय २५०च्या आणि आतड्यातले एंटेरोकोकाय १००च्या आत हवेत, तेही एका दिवसाच्या चाचणीवर नव्हे, चार हंगामांच्या नोंदींवर. जिवाणू वाढवून मोजायला दिवस-दोन दिवस लागतात, त्यामुळे हाती येतो तो आकडा परवाच्या पाण्याचा. ही त्या पद्धतीची मर्यादा आहेच. पण निदान तो दर्जा किनाऱ्याजवळ, लोकांना दिसेल असा लावण्याचे बंधन तरी आहे. प्लाया हार्दिन बंद पडला तोही मोजमाप होते म्हणून. मोजलेच नसते तर लोक डुंबतच राहिले असते आणि तेइदे फोटोत येतच राहिला असता.

आपल्याकडे मोजमाप नाही असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकांत अंघोळीच्या समुद्रपाण्यासाठी एसडब्ल्यू-२ हा वर्ग आहे आणि मर्यादा १०० मिलिलिटरमागे १०० मलजन्य कॉलिफॉर्म अशी आहे. राज्यातल्या किनाऱ्यांचे पाणी तपासलेही जाते. फक्त तो आकडा संकेतस्थळावरच्या तक्त्यात राहतो, वाळूवर उतरत नाही. वाळूवर असतो ‘पोहणे धोक्याचे आहे’ असा गंजका फलक, बारा महिने तोच, भरती असो की ओहोटी. सतत धोका सांगणाऱ्या फलकाकडे कोण बघणार? आणि धोका नेमका कधी, हे तो सांगतच नाही. मुरुडला २०१६च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता, वादळ नव्हते.

आणि आपण तरी काय विचारतो? कोकणात खोली ठरवताना फोनवर विचारतो: एसी आहे का, मासळी ताजी मिळेल का, खिडकीतून समुद्र दिसतो का. मी अलीकडे एक प्रश्न जास्तीचा विचारतो: ‘‘गावचा नाला समुद्राला कुठं मिळतो हो?’’ पलीकडे क्षणभर शांतता होते. मग उत्तर येते, ‘‘साहेब, तुम्ही पोहायला नका ना जाऊ. व्ह्यू बघा.’’