खटला हद्द ओलांडतो तेव्हा

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाकडे आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. गाडीची वाट बघत त्यावर टेकणाऱ्याला त्या रेघेशी काही देणेघेणे नसते. बिल्किस बानो यांना मात्र हीच हद्द ओलांडल्यावर न्याय मिळाला.

३ मार्च २००२, गुजरात दंगलीचे दिवस. दाहोद जिल्ह्यातल्या रंधिकपूरजवळ, पाच महिन्यांच्या गरोदर असताना त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तीन वर्षांच्या लेकीसह घरातली १४ माणसे मारली गेली. साक्षीदारांना धमक्या येत होत्या, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला मुंबईला आणला. २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुरावे दडपणाऱ्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी धरले. मला हा निकालाचा सर्वांत मोठा भाग वाटतो. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्या ११ जणांना सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली होती, तेव्हा माफीचा विचार करण्याचा अधिकारही महाराष्ट्राचाच होता.

स्थानिक यंत्रणाच गुन्हेगाराच्या पाठीशी असेल तर दाद बाहेरच मागावी लागते. इराकमध्ये पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात साखळदंडाने बांधून मारणाऱ्या ‘इसिस’च्या माणसाला २०२१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या न्यायालयाने वंशसंहाराबद्दल जन्मठेप दिली. रोहिंग्यांसाठी गाम्बियासारख्या छोट्या देशाने म्यानमारला हेगच्या न्यायालयात उभे केले.

आपल्या बाबतीत हेगची वाट बंद आहे. वंशसंहारविरोधी करार भारताने १९५९ मध्ये मंजूर केला, पण आपल्या संमतीशिवाय वाद हेगला नेता येणार नाही, ही अट घालूनच. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारावर तर सहीच नाही. बरे, घरात तरी कायदा असावा! तोही नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडातल्या सज्जन कुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही उणीव स्पष्ट दाखवली आणि अशा सामूहिक हत्यांची उदाहरणे म्हणून मुंबई, गुजरात, कंधमाळ, मुझफ्फरनगरची नावे घेतली. त्यानंतर भारतीय न्याय संहिता आली, २०२४ मध्ये लागू झाली. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे तिच्यातही नाहीत.

आणि महाराष्ट्राने मिरवू नये. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली, १६८ बेपत्ता झाली. श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांवरही बोट ठेवले. त्या वेळी खटले राज्याबाहेर न्यायला हवे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये, तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला उरलेल्या १०८ बेपत्तांचे वारस शोधा म्हणून राज्य सरकारला सांगावे लागले.

दंगल रोखण्याचा अधिकार हातात असून जो अधिकारी किंवा मंत्री गप्प बसतो, त्याला थेट जबाबदार धरणारे कलम हवे. तशी तरतूद सुचवणारे जातीय हिंसाचारविरोधी विधेयक फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत अडले, ते अडलेच. नवापूर ज्यांच्या मतदारसंघात येते, त्या नंदुरबारच्या खासदारांनी ते खासगी विधेयक म्हणून मांडावे.