वहाणेचा जोड
बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याची, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने शिवलेली आणि तेल पाजून मऊ केलेली कोल्हापुरी वहाण ज्याच्या हातून उतरे, तो बलुतेदार सुगीला खळ्यावर धान्यरूपाने आपला हक्क घेई. परंतु त्याच मुलखात कित्येक कुळे भेगाळलेल्या टाचांनी जन्मभर काटेकुटे तुडवीत राहिली, आणि ज्यांनी महत्प्रयासाने एखादा जोड मिळविला तेही ओढा लागताच तो हातात धरीत, कारण सोललेले पाऊल भरून येई, भिजून कुजलेले कातडे मात्र येत नसे. मला याहून अधिक सलते ते हे, की वहाण शिवणाऱ्याच्या जातभाईंना अनेक गावी पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना तीच पायांतून उतरवावी लागे. पुढे २०१९ साली याच कोल्हापुरी वहाणेला भौगोलिक मानांकन मिळाले.