आइस हॉकीतील ‘निष्ठेचे युग’ नावाची दंतकथा (धागा)

२८ फेब्रुवारी २०१९. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील नासाऊ कोलिझियम या क्रीडागृहात जॉन तवारेस नावाचा खेळाडू बर्फावर उतरला आणि प्रेक्षकांनी खेळण्यातले साप आत भिरकावले. त्याच्या नावाच्या जुन्या जर्सीही बर्फावर येऊन पडल्या. सामनाभर त्याची हुर्यो उडवली जात होती.

त्याचा अपराध कोणता? न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाकडून तो नऊ मोसम खेळला. करार संपला. १ जुलै २०१८ रोजी, म्हणजे करारमुक्त खेळाडूंचा बाजार ज्या दिवशी उघडतो त्याच दिवशी, त्याने टोरंटो मेपल लीफ्सशी सात वर्षांचा करार केला. टोरंटोच्या परिसरातच तो लहानाचा मोठा झाला होता. कराराचे एकही कलम त्याने मोडलेले नव्हते.

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) साधारणतः जूनमध्ये स्टॅनली चषकाचा निकाल लागतो आणि ऑक्टोबरमध्ये नवा मोसम सुरू होतो. मधल्या महिन्यांत सामने नसतात; असतात त्या अदलाबदली, नवे करार आणि त्यांवरचे अखंड वाद. या वादांत एक सूर हमखास ऐकू येतो : ‘पूर्वीचे खेळाडू असे नव्हते. एका संघाची जर्सी अंगावर चढली की ती निवृत्तीलाच उतरायची. आता पैसा बोलतो.’

हा सूर भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो साफ खोटा आहे. ज्याला निष्ठा म्हटले जाते, तिच्यापैकी फार मोठा भाग छापील करारपत्रातल्या एका कलमाने निर्माण केलेला होता.

त्या कलमाचे नाव ‘रिझर्व्ह क्लॉज’, मराठीत राखीव कलम. त्याचा अर्थ सरळ होता : कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राखून ठेवलेला. संघ देईल त्या रकमेवर पुन्हा सही करावी, नाहीतर घरी बसावे. लीगमधला दुसरा कोणताही संघ त्याच्याशी बोलणी करणार नाही, हे मालकांनी आपसांत ठरवलेले. उलट संघाला मात्र त्याला केव्हाही विकण्याची, दुसऱ्याच्या बदल्यात देऊन टाकण्याची किंवा खालच्या लीगमध्ये धाडण्याची पूर्ण मोकळीक.

१९१७ साली माँट्रियलमध्ये एनएचएलची स्थापना झाली. १९४२ ते १९६७ या काळात तिच्यात सहाच संघ होते, आणि हाच काळ चाहत्यांच्या स्मृतीत सुवर्णयुग म्हणून कोरलेला आहे. सहा संघ म्हणजे मूठभर मालक. या मूठभर माणसांनी एका टेबलाभोवती बसून शब्द दिला की शेकडो खेळाडूंचे भवितव्य ठरत असे.

ही पकड व्यावसायिक होण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होई. कुमारवयीन मुलांसाठी ‘सी-फॉर्म’ नावाचा एक कागद असे. मुलाने आणि पालकांनी त्यावर सही केली की त्या मुलाच्या संपूर्ण व्यावसायिक भवितव्यावर एका संघाचा हक्क बसे. बॉबी ऑर हा हॉकीच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ बचावपटू मानला जातो. ओंटारिओतील पॅरी साउंड या छोट्या गावातल्या या मुलाला बोस्टन ब्रुइन्सने १९६२ साली अशाच कागदावर बांधून घेतले. मोबदल्यात काय? थोडी रोकड, एक जुनी मोटार आणि घराच्या भिंतींना नवा गिलावा. त्या वेळी त्याचे वय १४ होते. चौदा वर्षांच्या मुलाची ‘निष्ठा’ ती हीच.

झाँ बेलिव्होचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. माँट्रियल कॅनेडियन्सचा हा कर्णधार एकनिष्ठेचा मूर्तिमंत आदर्श म्हणून आजही गौरवला जातो. पण तरुण बेलिव्होला माँट्रियलला जायचेच नव्हते. तो क्यूबेक शहरात हौशी समजल्या जाणाऱ्या लीगमध्ये खेळत होता. तिथे तो सुखी होता आणि त्याला पैसेही चांगले मिळत होते. माँट्रियलकडे त्याच्या सहीचा एक कागद होता. परंतु तो व्यावसायिक झाला तरच त्या कागदाला अर्थ होता. मग संघाने काय करावे? तो ज्या लीगमध्ये खेळत होता, ती लीगच विकत घेऊन व्यावसायिक करून टाकली. १९५३ साली बेलिव्हो माँट्रियलचा झाला. पुढे तो त्या संघावर मनापासून प्रेम करू लागला, यात शंका नाही. पण ज्याचा प्रारंभ असा झाला, त्याला स्वेच्छेचा पुरावा म्हणून पुढे करणे ही इतिहासाची थट्टा आहे.

आता टेड लिंडसे. उन्हाळी अदलाबदलींवर मत देणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवे.

लिंडसे हा डेट्रॉइट रेड विंग्जचा खेळाडू. उंचीने बेताचा, स्वभावाने आडदांड, प्रतिस्पर्ध्यांना नकोसा. गॉर्डी हाउ आणि सिड एबल यांच्यासह त्याची आघाडीची त्रयी ‘प्रॉडक्शन लाइन’ या नावाने गाजली. डेट्रॉइटसाठी त्याने चार स्टॅनली चषक जिंकले. निष्ठेची कोणतीही मोजपट्टी लावली तरी हा माणूस तिच्यात बसतो.

तो खेळाडूंच्या निवृत्तिवेतन निधीच्या मंडळावर होता. खेळाडू दर वर्षी ९०० डॉलर त्या निधीत भरत. अनेकांच्या मिळकतीच्या मानाने ही रक्कम मोठी होती. लिंडसेने निधीचा हिशेब मागितला. तो मिळाला नाही. मग त्याने माँट्रियलच्या डग हार्वेसह इतर संघांतील खेळाडूंशी गुपचूप संपर्क साधला. गुपचूप, कारण वेगवेगळ्या संघांतील खेळाडूंची मैत्री मालकांना खपत नसे. फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर झाली. लीगमधील जवळजवळ प्रत्येक खेळाडू तिच्यात सामील होता.

१९५६-५७ च्या त्या मोसमात लिंडसेने ३० गोल केले आणि ५५ गोलांना साहाय्य केले. साहाय्यात तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता आणि एकूण गुणांत हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम मोसम होता. डेट्रॉइट गुणतक्त्यात अव्वल होते. जुलै १९५७ मध्ये व्यवस्थापक जॅक ॲडम्स यांनी त्याला शिकागोला पाठवून दिले. शिकागो म्हणजे तक्त्यातला शेवटचा संघ. डेट्रॉइट आणि शिकागो या दोन्ही संघांची सूत्रे एकाच नॉरिस कुटुंबाकडे होती, हे ध्यानात घेतले की या व्यवहाराला अदलाबदल म्हणावे की हद्दपारी, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

एवढ्यावर थांबते तर ते व्यवस्थापन कसले? लिंडसेला प्रत्यक्षाहून कितीतरी अधिक पगार मिळत असल्याचे दाखवणारा बनावट करार वार्ताहरांपर्यंत पोहोचवण्यात आला. हेतू उघड होता : संघसहकाऱ्यांनी त्याला लोभी समजावे. ‘आता पैसा बोलतो’ हा आरोप खेळाडूवर ढकलण्याची रीत केवढी जुनी आहे पाहा. आणि ती कोणी पाडली, तेही पाहा.

संघटनेचा आणखी एक पदाधिकारी, टोरंटोचा जिमी थॉमसन, त्याच उन्हाळ्यात शिकागोला रवाना झाला. नोव्हेंबर १९५७ मध्ये डेट्रॉइटचे खेळाडू संघटनेतून बाहेर पडले आणि पुढच्या काही महिन्यांत पहिली संघटना मावळली. डग हार्वेची पाळी १९६१ साली आली. ज्या वर्षी त्याला लीगच्या सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक मिळाला, त्याच वर्षी माँट्रियलने त्याला न्यूयॉर्कला दिले. त्याचे वय झाले होते, असे समर्थन करण्यात आले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्ककडून खेळताना तो करंडक पुन्हा त्यालाच मिळाला.

म्हणजे त्या सुवर्णयुगातही उन्हाळ्यात खेळाडू संघ बदलत होते. फरक इतकाच की बदल कोणाच्या मर्जीने व्हायचा.

राखीव कलमाला पहिला मोठा हादरा १९७२ साली बसला. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. बॉबी हल शिकागो सोडून विनिपेगला गेला आणि करारावर सही करण्यापोटी त्याला दहा लाख डॉलर मिळाले. त्याच नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी एनएचएलला राखीव कलमाची अंमलबजावणी करण्यास मनाई केली. खेळाडूंचे पगार वाढले ते यानंतर. लोभ काही त्या वर्षी अचानक जन्माला आला नव्हता. गिऱ्हाईक एकाऐवजी दोन झाले होते.

बाजार उघडला म्हणून लबाडी संपली असे मात्र नाही. १९७६ साली ऑर बोस्टन सोडून शिकागोला गेला. बोस्टनने त्याला संघाच्या मालकीत १८.५ टक्के वाटा देऊ केला होता, ही गोष्ट त्याचा प्रतिनिधी ॲलन ईगलसन याने त्याच्यापासून दडवली. हाच ईगलसन १९६७ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या खेळाडू संघटनेचा प्रमुखही होता. १९९८ साली त्याने फसवणुकीचे गुन्हे न्यायालयात कबूल केले.

वेन ग्रेट्झकीचा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो, परंतु तो अर्धवट. १९७८ साली, तो १७ वर्षांचा असताना, इंडियानापोलिस संघाच्या मालकाने त्याला एडमंटनच्या पीटर पॉकलिंग्टन यांना विकले. दहा वर्षांनी, ९ ऑगस्ट १९८८ रोजी, पॉकलिंग्टन यांनी त्याला लॉस एंजेलिसला दिले. बदल्यात काही खेळाडू, पहिल्या फेरीतील तीन निवडीचे हक्क आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर. एडमंटनने अवघ्या अडीच महिन्यांपूर्वी स्टॅनली चषक जिंकला होता. कॅनडाच्या संसदेतील एका सदस्याने तर सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. पॉकलिंग्टन यांच्यावर लोक चिडलेच. पण रोषाचा मोठा वाटा कोणाच्या पदरी पडला? जुलैमध्येच ग्रेट्झकीशी विवाह झालेल्या अभिनेत्री जॅनेट जोन्स यांच्या. विक्री करणारा मालक, रक्कम त्याच्या खिशात, आणि दोष नववधूचा!

मुक्तता आल्यावरही ती अटींनी जखडलेली होती. १९९१ साली सेंट लुइसने न्यू जर्सीचा ब्रेंडन शॅनहन करारबद्ध केला. नियमानुसार न्यू जर्सीला भरपाई देणे भाग होते. लवादाने भरपाई म्हणून सेंट लुइसचा कर्णधार स्कॉट स्टीव्हन्स याला न्यू जर्सीच्या हवाली केले. करार केला शॅनहनने आणि गाठोडे बांधले स्टीव्हन्सने. तो वर्षभरापूर्वीच स्वतःच्या निवडीने सेंट लुइसला आला होता.

आजचे नियम खूपच उदार आहेत. २००४-०५ चा संपूर्ण मोसम टाळेबंदीत वाया गेल्यानंतर झालेल्या करारान्वये, टप्प्याटप्प्याने, २७ वर्षे वय किंवा लीगमधील सात मोसम पूर्ण झालेला खेळाडू करार संपताच मुक्त होतो. त्याच करारात संघांच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादाही आली. म्हणजे खेळाडूला दार उघडून दिले आणि तिजोरीला कुलूपही लावले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला जातो. आयलंडर्सचे चाहते म्हणतात : तवारेसने आधीच सांगितले असते, तर संघाला त्याच्या बदल्यात काहीतरी मिळाले असते, तो फुकट गेला. या दुःखात तथ्य आहे. नऊ वर्षे एखाद्या खेळाडूवर जीव लावलेला चाहता हिशेबनीस नसतो. पण ‘बदल्यात काही मिळाले नाही’ हे वाक्य नीट ऐकावे. मुदत संपलेल्या कराराबद्दल बदला मागणे म्हणजे राखीव कलमाचीच भाषा बोलणे. कलम न्यायालयात हरले. भाषा प्रेक्षागृहात शिल्लक राहिली. शिवाय २००९ साली तवारेस आयलंडर्सकडे गेला तो त्या वर्षीच्या निवडप्रक्रियेत पहिला क्रमांक त्यांच्याकडे होता म्हणून. सर्व संघांमधून एक निवडण्याची मुभा त्याला २०१८ साली प्रथमच मिळाली होती. (आयपीएलच्या लिलावात ‘आपला’ खेळाडू दुसऱ्या संघात गेला म्हणून त्यालाच शिव्या घालणाऱ्यांनीही येथे क्षणभर थांबायला हरकत नाही.)

दुसरा आक्षेप असा की मुक्त बाजारामुळे लहान शहरांचे संघ मरतात. क्यूबेकचा संघ १९९५ साली डेन्व्हरला गेला आणि पहिल्याच मोसमात चषक जिंकला. विनिपेगचा १९९६ साली फिनिक्सला गेला. वाढत्या पगारांचा भार त्या संघांवर होता, हे खरेच. परंतु शहरातून संघ उचलून नेण्याचा अधिकार कोणत्या खेळाडूकडे होता? एका करारमुक्त खेळाडूसाठी साप, आणि अख्खा संघ हलवणाऱ्यासाठी ‘व्यवसायाची अपरिहार्यता’ : हा न्याय कोणता?

पी. के. सुबान हा माँट्रियलचा लाडका बचावपटू. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने त्या शहरातील बालरुग्णालयासाठी एक कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्याच्या करारात एक अट होती : १ जुलै २०१६ पासून त्याच्या संमतीविना त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवता येणार नव्हते. २९ जून २०१६ रोजी, ती अट लागू होण्यास दोन दिवस उरले असताना, संघाने शे वेबरच्या बदल्यात त्याला नॅशव्हिलला धाडले. २ मार्च २०१७ रोजी तो पाहुण्या संघाकडून माँट्रियलला परतला, तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. सुबानचे डोळे भरून आले होते. ज्यांनी तो व्यवहार केला, ते त्या रात्री यजमान होते.